जुनं काचेचं कपाट घेताय? आधी त्याची पाठ बघा

आमच्या ओटीवर एक काचेचं कपाट आहे. दोन दारांचं, वर काच, खाली बंद खण, माथ्यावर कोरीव पट्टी. पाहुणे त्याच्यासमोर थांबतात आणि विचारतात, "अँटिक ना?" त्यानंतर लगेच, "केवढ्याला पडलं?" दोन्ही प्रश्नांना मी हसून वेळ मारून नेते, कारण हे आमचं दुसरं कपाट. पहिल्याची गोष्ट जरा लाजेची आहे.

पहिलं मी एप्रिलमध्ये घेतलं. एका व्यापाऱ्याकडे नुकतंच पॉलिश मारून उभं होतं, गडद चॉकलेटी, आरशासारखं. जूनच्या शेवटी खालच्या फळीवरच्या एका कपात पिवळट पिठाची चिमूटभर रास दिसली. बेसन सांडलं असेल म्हणून मी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच कपात पुन्हा तेवढीच. वाकून बघितलं तर वरच्या फळीच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी आठ-दहा भोकं. जुलैत दारं फुगली ती उघडेनात आणि ऑगस्टमध्ये पाठीच्या प्लायला पापुद्रे सुटले. विकत घेताना कपाट भिंतीला लावून ठेवलेलं होतं. ते पुढे ओढा म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.

पुण्यात किंवा नागपुरात असलं कपाट कदाचित वीस वर्षं निभावलं असतं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली, उरलेले आठ खारी. म्हणून इथे कपाट निवडण्याची रीत थोडी वेगळी. मला उमगलेली ती अशी.

आधी आत काय ठेवणार ते ठरवा

बहुतेकजण उलटं करतात. कपाट आवडतं म्हणून घेतात, मग घरभर वस्तू शोधत फिरतात. जेवणाची मोठी चिनी मातीची ताटली साधारण दहा-अकरा इंचांची असते, म्हणजे खण आतून निदान बारा इंच खोल हवा. सावंतवाडीच्या गंजिफांची (रंगवलेल्या गोल पत्त्यांची) डबी, लाखकामाची खेळणी, शंख-शिंपले यांना आठ इंच पुष्कळ; खोल खणात ती मागे हरवतात. पितळेच्या समया, तांबे, घंगाळं ठेवणार असाल तर फळीची जाडी बघा. तीन फुटांहून लांब आणि अर्धा इंच जाडीची फळी पितळेच्या वजनाने मधोमध पोक काढते. अशी फळी असेल तर खाली मधे टेकू हवा, नाहीतर भांडी कडेला ठेवा.

मग घराचं माप. जुन्या घरांची दारं बुटकी, त्यात माजघराच्या तुळया खाली आलेल्या. कपाट आडवं आत जातं, पण उभं करताना त्याचा वरचा कोपरा तुळईला अडतो. सात फूट उंच आणि दीड फूट खोल कपाट उभं करायला चौऱ्याऐंशी इंच पुरत नाहीत, जवळजवळ शहाऐंशी लागतात, कारण कोपऱ्यातून कोपऱ्यात त्याची लांबी तेवढी भरते. एवढ्या दोन इंचांपायी ओटीवरून परत गेलेलं कपाट मी पाहिलंय. वर आणि खाल असे दोन सुटे भाग असलेलं कपाट मिळालं तर ते आधी बघा.

नजर तयार करा

दुकानात जाण्याआधी चांगली कपाटं पाहून घ्या. मुंबईला राणीच्या बागेत सगळेच जातात, पण शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात फार थोडे शिरतात. ही वास्तू १८७२ साली खुली झाली आणि आतल्या वस्तू जुन्या धाटणीच्या लाकडी काचकपाटांत मांडलेल्या आहेत. वस्तू राहू द्या, कपाटं बघा: दारांचे कोपरे कसे जुळवलेत, काच कोणत्या पट्टीने धरलीय, पाय जमिनीपासून किती उंच. रत्नागिरीला गेलात तर १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा आणि सावंतवाडीला गेलात तर तिथला राजवाडाही त्याच नजरेने फिरून या.

शोधायचं कुठे

मुंबईत चोरबाजारची मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवरा भागातला जुन्या फर्निचरचा बाजार ही दोन ठिकाणं सगळ्यांना ठाऊक. माल भरपूर, पण तिथे बरंच काही नव्याने जुळवलेलं असतं आणि टेम्पोचं भाडं वाचलेले पैसे खाऊन टाकतं.

माझा कल गावातल्या घरांकडे. आपल्याकडे एखादं चौपाखी घर मोडून स्लॅबचा बंगला उभा राहतो तेव्हा कौलं, वासे, दारं आणि कपाटं एकाच आठवड्यात बाहेर पडतात. आगबोटी चालायच्या त्या काळात चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेली कपाटं, गोव्याच्या बाजूने आलेली शिसवी, गावच्याच सुताराने फणसात केलेली, असा सगळा माल यात सापडतो. अशा कपाटाचा मोठा गुण म्हणजे त्याने याच हवेत पन्नास-साठ पावसाळे काढलेले असतात.

एक सावधगिरी मात्र घ्या. घरात राहणाऱ्या काकूंनी "घेऊन जा गो" म्हटलं म्हणजे व्यवहार झाला असं नाही. मुंबईचे दीर, बडोद्याची नणंद, सगळ्यांना फोन होऊ द्या. टेम्पोत चढवलेलं कपाट भावकीच्या एका फोनने उतरलेलं मी पाहिलंय, आणि त्यात चूक कुणाचीच नव्हती.

पाठ, पोट, पाय

आता खरं काम. बघायला जाताना सोबत विजेरी, दाभण, मोजपट्टी आणि काळा कागद घ्या. जमलं तर पावसाळ्यातच जा. मे महिन्यात सगळीच कपाटं शहाणी असतात; जुलैत दार अडतं की नाही, आत कुबट वास येतो की नाही, ते लपत नाही.

कपाट भिंतीपासून ओढायला लावा. विकणारा कुरकुरला तर समजून घ्या काय ते. पाठीला प्लाय दिसली तर पाठ तरी बहुधा मागाहून बसवलेली. एवढ्यावरून कपाट वाईट ठरत नाही, भाव मात्र खाली येतो. अस्सल पाठ बहुधा फळ्यांची असते, आणि त्या फळ्यांमध्ये थोडी फट असणं हे चांगलं लक्षण. लाकूड पावसात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीला मात्र फारसं हलत नाही. जाणता सुतार त्या हालचालीला जागा सोडतो. दारांच्या चौकटीतल्या फळ्याही खाचेत सैल बसवलेल्या असतात. कुणी नंतर फेविकॉल भरून त्या पक्क्या केल्या असतील तर फळी आज ना उद्या उभी तडकणार.

मग लाकूड. पॉलिशवर जाऊ नका, खणाच्या आतलं, कधीच पॉलिश न लागलेलं लाकूड बघा. सागवान सोनेरी तपकिरी, हात फिरवला तर किंचित तेलकट, खरवडलं तर चामड्यासारखा वास. शिसवी जड आणि काळपट जांभळी, तिच्यात गडद रेषा. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो, जुना झाला की तांबूस तपकिरी होतो, आणि आपल्या भागात त्याला कमी लेखण्याचं काही कारण नाही. आंब्याचं लाकूड हलकं, स्वस्त आणि किडीचं आवडतं. पाठीला आणि खणांच्या बुडाला ते हटकून वापरलेलं असतं.

"पूर्ण सागवानी आहे" हे ऐकून हुरळून जाऊ नका. कीड गाभ्याच्या सागवानात सहसा शिरत नाही, पण खोडाच्या बाहेरच्या अंगाचं फिकट, पांढुरकं लाकूड ती आनंदाने खाते. माझ्या पहिल्या कपाटाची फळी सागवानाचीच होती, फक्त बाहेरच्या अंगाची. गडद पॉलिशखाली तो पांढरा पट्टा दिसत नव्हता, खालून विजेरी मारली असती तर दिसला असता.

भोकं दिसली तरी घाबरून पळू नका. जुन्या लाकडात जुनी भोकं असायचीच. कीड मेलेली की जिवंत, एवढं कळलं पाहिजे. जुन्या भोकाची कड काळपट आणि आत धूळ. नव्या भोकाची कड उजळ, आत लाकडाचा ताजा रंग. शंका असेल तर कपाट ठोकून झाडून घ्या, खाली काळा कागद पसरा आणि विकणाऱ्याला आठ-दहा दिवस तसाच ठेवायला सांगा. कागदावर पीठ पडलं की उत्तर मिळालं. पायांच्या तळव्याला आणि खालच्या चौकटीला दाभण टोचा. ते लोण्यात गेल्यासारखं शिरलं तर आत वाळवीने पोकळ केलंय. वाळवी पीठ पाडत नाही, ती मागे माती ठेवते.

सांधे बघा. जुन्या कपाटात कुसू, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं केलेलं टोक, दुसऱ्याच्या भोकात बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली असते. ड्रॉवर बाहेर काढून त्याचा कोपरा बघा: पंख्यासारखे फाकलेले डोव्हटेलचे दात हाताने कापलेले असतील तर ते थोडे लहान-मोठे असतात, मशीनचे सगळे एकसारखे. सांधा हलतो म्हणून कपाट नाकारू नका. पूर्वी चिकटवायला सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक) वापरत, आणि सरस ओलीने सुटतो. सुटला म्हणजे सांधा मोकळा करून पुन्हा चिकटवता येतो, तीच त्याची सोय. खिळे ठोकून "दुरुस्त" केलेला सांधा मात्र डोकेदुखी, कारण लोखंड गंजून आजूबाजूचं लाकूड काळं आणि ठिसूळ होतं.

पुराचं पाणी पाहिलेलं कपाट ओळखता आलं पाहिजे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याआधी २००५ सालीही शहर बुडालं होतं, आणि नदीकाठच्या इतर गावांनाही हे नवं नाही. धुऊन-पुसून पॉलिश केलेल्या कपाटात आतल्या बाजूला एकाच उंचीवर सरळ आडवी रेघ राहते. बिजागरीमागे, कुलपाच्या भोकात आणि ड्रॉवरच्या खाचेत बारीक गाळ अडकतो. सागवान पूर झेलून उभं राहतं, तेव्हा अशी कपाटं मी टाकाऊ मानत नाही. पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं, आणि भावात दिसायला हवं.

खरं जुनं की जुनं केलेलं

चहाच्या पाण्याने, अमोनियाने, साखळीने मारून लाकूड म्हातारं करता येतं. पण झीज कुठे झालीय ते बघितलं की लबाडी कळते. माणूस कपाट वापरतो ते मुठीजवळ, कुलपाभोवती, खालच्या कडेला झाडू-पोछा लागतो तिथे आणि ड्रॉवर सरकतो त्या पट्टीवर. सगळीकडे सारखे ओरखडे असतील तर ते एका दुपारचे आहेत.

स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. "आजोबांच्या आजोबांचं" म्हणून सांगितलेल्या कपाटाच्या बिजागरीला असे स्क्रू दिसले तर निदान बिजागरी बदललीय. वरचा काचेचा भाग आणि खालचा बंद भाग एकाच कपाटाचे आहेत का, तेही ताडून बघा: पाठीच्या फळ्यांची रुंदी, आतल्या लाकडाचा रंग, कडेच्या नक्षीपट्टीचा आकार जुळला पाहिजे. वरचं एका घरचं आणि खालचं दुसऱ्या घरचं, असे जोड बाजारात पुष्कळ आहेत. दिसायला वाईट नसतात, पण त्यांना अखंड कपाटाचा भाव देऊ नका.

काच, कुलूप, बिजागरी

जुन्या काचेतून बाहेरचा माड बघा आणि डोकं हळूच हलवा. माड लहरला तर काच जुनी. आजची सपाट काच ज्या पद्धतीने होते ती पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. त्याआधीच्या काचेत लाटा आणि बुडबुडे सर्रास असत. काच वर्षानुवर्षं खाली ओघळते म्हणून लाटा येतात, असं हमखास सांगितलं जातं. ते खरं नाही, लाटा बनवतानाच्याच असतात. अशी काच शाबूत असेल तर जपा, ती पुन्हा मिळत नाही. फक्त ती फुटली की धारदार तुकडे होतात, तेव्हा घरात रांगतं मूल असेल तर आतून पारदर्शक फिल्म लावून घ्या.

समुद्राजवळच्या घरात लोखंडी बिजागऱ्या टिकत नाहीत. पितळी लावा, आणि स्क्रूही पितळीच. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावला तर खाऱ्या हवेत तो आणखी लवकर गंजतो. हरवलेल्या किल्लीसाठी कुलूप बदलू नका, कुलूप काढून चावीवाल्याकडे न्या.

भाव आणि कागद

नव्या सागवानात तेवढंच कपाट करायला मिस्त्री किती घेईल ते आधी विचारून ठेवा. फार कोरीव किंवा खरोखर दुर्मीळ नसेल तर तो तुमचा वरचा आकडा. त्यातून बदललेली पाठ, नवी काच, कीड, पॉलिश आणि वाहतूक वजा करत या. "अँटिक" शब्दाचे पैसे देऊ नका. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि आपल्याकडे मिळणारी बरीचशी कपाटं शंभर वर्षांच्या आतली. ती छान असतात, पण त्या अर्थाने अँटिक नसतात.

खरंच शंभरी ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू घेतलीत तर ती उद्या अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवता येईल असं धरून चालू नका. त्या कायद्याने खासगी माणसाला अशी निर्यात करता येत नाही. शिसवी लाकूड तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. पावतीवर लाकूड, अंदाजे काळ आणि केलेल्या दुरुस्त्या लिहून घ्या.

आणताना

फळ्या, ड्रॉवर आणि जमल्यास दारं काढून वेगळी बांधा. काचांवर फुलीसारखी चिकटपट्टी, बाहेरून गोधड्या. दोरी गोधडीवरून जाऊ द्या, लाकडावरून नको. किल्ली टेम्पोवाल्याकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवा.

घरात आल्यावर पहिला पाऊस

जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीला कपाट टेकवू नका. जांभा पाणी ओढतो आणि ती ओल थेट पाठीत जाते. चार बोटं जागा सोडा, पायांखाली कडप्प्याचे तुकडे द्या, आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका. पायांच्या तळव्यांना आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल, डिंकेल, लावतात. होड्यांना लावतात तेच. वाळवीला ते नको असतं, पण कातडीही भाजतं, तेव्हा हातमोजे घाला आणि वरच्या दिसणाऱ्या भागाला लावू नका. कपाट डुगडुगत असेल तर माथ्याजवळून भिंतीला पट्टीने धरा.

जुनी भोकं असतील तर त्यात सिरिंजने वाळवीचं औषध सोडून मेणाने बुजवा, शक्यतो पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच. पुढच्या उन्हाळ्यात नवं भोक दिसलं तर पुन्हा करायचं.

पूर्वी कपाटात साधा पिवळा बल्ब लावून ठेवत, त्याच्या उबेने बुरशी येत नसे. एलईडी तेवढी ऊब देत नाही. त्याऐवजी प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग पालटला की तापवून सुकवा. उघाड पडली की दुपारी दारं उघडी टाका. पश्चिमेचा पावसाळी वारा सुटलेला असताना मात्र उघडू नका.

जुलैत दार अडेल. अडणारच. दुसऱ्या कपाटाचं अडलं तेव्हा मी मिस्त्रींना रंधा घेऊन बोलावलं. त्यांनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, रंधा पिशवीतून काढलाच नाही. म्हणाले, "वैनीनू, घाई करू नकात. दिवाळी येवंदे, दार आपसूक बसतला." आत्ता रंधा मारला असता तर मार्चमध्ये त्याच दारात बोटभर फट पडली असती. तोवर दार ओढून मूठ उपटू नये म्हणून त्यांनी कडेला नुसतं मेण घासून दिलं.

आणि पॉलिशही तेव्हाच. लाखेचं पॉलिश दमट हवेत मारलं की दुधासारखं पांढरं पडतं. नोव्हेंबर उजाडला, अंगणात कपडे एका दुपारी वाळायला लागले, की मिस्त्रींना फोन करा.